ठोका पडण्याआधीचा हात : शालेय वाद्यवृंदातील गटप्रमुखांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाची आहेत. शाळेच्या पथकात, बँडमध्ये किंवा समूहगानात एखाद्या गटाचे प्रमुखपद मिळते, परंतु ते कसे सांभाळायचे हे मुलांना कोणी शिकवत नाही. वाद्य शिकवायला शिक्षक असतात. प्रमुखपण मात्र एका सकाळी नाव पुकारून दिले जाते आणि बाकीचे त्या मुलाने आपले आपण शोधावे, अशी अपेक्षा असते. म्हणून या वेळची सर्व जागा मी याच पत्रांना देत आहे.

प्रश्न : आदरणीय बाई, मी पुण्यातील एका शाळेत इयत्ता नववीत शिकते. आमच्या शाळेचे ढोल-ताशा पथक आहे आणि या वर्षी सरांनी मला 16 ढोलांची प्रमुख केले आहे. मला पाचही हात, म्हणजे वादनाचे ठरलेले ठेके, न चुकता वाजवता येतात. तरीही माझ्या गटातील शेवटची ओळ कायम मागे पडते आणि हात बदलताना दोन-तीन जणी आधीचाच हात वाजवत राहतात. मी ओरडून सांगितले की माझ्याच मैत्रिणी म्हणतात, "प्रमुख झाल्यापासून तू बदललीस." मी आणखी जोरात वाजवून पाहिले, पण उपयोग झाला नाही. मी काय करू?

उत्तर : तुझ्या पत्रातील "आणखी जोरात वाजवून पाहिले" हे वाक्य मी दोनदा वाचले, कारण अडचणीचे मूळ तिथेच आहे. तुझा ठोका कितीही खणखणीत असला, तरी तो ऐकून जी वाजवू लागेल ती तुझ्यामागूनच येणार. प्रमुखाचे काम ठोका पडण्याच्या आधी संपलेले असावे लागते.

शेवटच्या ओळीचे आधी पाहू, कारण त्या मुलींवर बहुधा अन्याय होत आहे. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. ताशांपासून शेवटची ओळ 17 मीटरवर असेल, तर ताशाचा आवाज तिथे पोहोचायला सेकंदाचा विसावा भाग लागतो. त्या मुलींनी तो ऐकून अगदी बरोबर ठोका दिला, तरी त्यांचा आवाज पुढे यायला पुन्हा तेवढाच वेळ जातो. म्हणजे पुढे उभ्या असलेल्या तुला शेवटची ओळ एक दशांश सेकंद मागे ऐकू येते. मिनिटाला 120 मात्रांची लय धरली, तर मात्रा अर्ध्या सेकंदाची होते आणि हा फरक मात्रेच्या पाचव्या भागाइतका भरतो. तो कानाला चांगलाच जाणवतो. त्या मुली आळस करत नाहीत, त्या इमानदारीने ऐकून वाजवत आहेत, आणि लांब रांगेत ऐकून वाजवणे हीच चूक ठरते. त्यांना डोळ्यांनी वाजवायला शिकवायला हवे. टिपरू, म्हणजे ढोल वाजवायची काडी, वर गेलेले दिसणे आणि पानावर, म्हणजे ढोलाच्या ताणलेल्या पडद्यावर, पडलेले दिसणे याला अंतराची अडचण येत नाही.

यासाठी तुझे टिपरू दिसले पाहिजे. ठोक्याआधीच्या मात्रेला ते खांद्याच्या वर, प्रत्येक वेळी तेवढ्याच उंचीवर गेले पाहिजे आणि त्याच गतीने खाली आले पाहिजे. एकदा सरावाच्या वेळी गटाला गप्प उभे करून तू फक्त टिपरू वर-खाली कर आणि पानाला स्पर्श न करता थांब. मुलींना टाळी वाजवायला सांग. 16 टाळ्या एका आवाजात पडल्या, तर तुझा हात वाचता येतो असे समज. विस्कटल्या, तर दोष हाताचा आहे. बहुधा तो वर जाताना सावकाश जातो आणि खाली येताना अचानक झटका घेतो, आणि त्या झटक्यामुळे मागच्यांना अंदाज येत नाही.

हात बदलण्याचेही तसेच आहे. तू पुढच्या हाताचा आकडा बोटांनी दाखवत असशील, पण केव्हा दाखवतेस? अनेक पथकांच्या सरावात मी पाहिले आहे की आकडा शेवटच्या आवर्तनाच्या शेवटी दाखवला जातो. पहिल्या ओळीला तो दिसतो, तिसऱ्या ओळीला समोरच्या मुलीचे डोके दिसते. आकडा एक पूर्ण आवर्तन आधी दाखवावा, तो प्रत्येक ओळीतील एका मुलीने स्वतःचा हात वर करून मागे पोहोचवावा आणि शेवटच्या ओळीचा हात वर आलेला दिसल्याशिवाय तू ताशाप्रमुखाला मान डोलावून होकार देऊ नये. एवढी शिस्त बसायला साधारण आठवडा लागेल. त्या आठवड्यात वादन थोडे कंटाळवाणे होईल, ते होऊ द्यावे.

आता एक गोष्ट तुला कदाचित आवडणार नाही. तुला पाचही हात येतात, म्हणून मध्ये जास्तीचे ठोके घालण्याचा मोह होत असेल. चांगल्या वादकाला तो होतोच. प्रमुख झाल्यावर मात्र तुझा हात गटात सर्वांत साधा असला पाहिजे, म्हणजे मागची मुलगी त्यावर विसंबू शकेल आणि तुझे अर्धे लक्ष ऐकण्यासाठी मोकळे राहील. ज्या दिवशी तुझे सगळे लक्ष स्वतःच्या वादनात गुंतते, त्या दिवशी गटाला प्रमुख नसतो. रोज सरावातील पाच मिनिटे तू ढोल कमरेवरून उतरवून ठेव आणि रांगांमधून हळूहळू चालत जा. प्रत्येकीजवळ दोन आवर्तने थांब, काही बोलू नकोस. थापेच्या बाजूचा आवाज कोणाचा दबतो, कोणाचे पान सैल झाले आहे, कोण ठोका मारून टिपरू पानावरच टेकवून ठेवते, हे तुला पुढे उभे राहून कधीच कळले नसते. पावसाळी हवेत चामड्याचे पान उतरते हे तू जाणतेसच. दोऱ्या ओढून घेण्याचे काम सराव सुरू होण्यापूर्वी झाले पाहिजे आणि ते झाले की नाही हे पाहणेही प्रमुखाचेच काम आहे. माझ्या अनुभवात "या मुलीचा हात कमजोर आहे" अशी तक्रार आली की निम्म्या वेळा हात ठीक असतो, दोरी सैल असते.

मैत्रिणींच्या बोलण्याचे तुला वाईट वाटले आहे, ते पत्रातून कळते. गावाकडच्या ढोल पथकात हा प्रश्न फारसा येत नाही. तिथे पुढे उभा असतो तो कुणाचा काका किंवा थोरला भाऊ असतो आणि सगळे त्याच्या मागे वाजवतच मोठे झालेले असतात. शाळेत दरवर्षी एक तुकडी बाहेर पडते, एक आत येते आणि प्रमुख ही बाकीच्यांच्याच वयाची असते. पुण्यात शाळांच्या पथकांची जी परंपरा आहे आणि ज्ञान प्रबोधिनी, रमणबाग, गरवारे अशा शाळांची नावे ज्यासाठी आदराने घेतली जातात, तिच्यात म्हणूनच प्रत्येक वर्षी प्रमुख नव्याने घडवावा लागतो. तुझा अधिकार वयातून येणार नाही, तो कामातूनच यायचा आहे.

ओरडणे आजपासून बंद कर. चूक सांगताना माणसाचे नाव घेऊ नकोस, जागेचे नाव घे. "तू उशिरा येतेस" या वाक्यावर मैत्रीण उत्तर शोधते. "तिसऱ्या हातातला शेवटचा ठोका आपला उशिरा पडतो, तेवढाच चार वेळा घेऊ" या वाक्यावर ती टिपरू उचलते. एका वेळी एकच दुरुस्ती सांग. जी मुलगी खरोखर अडखळते, तिला सर्वांसमोर वेगळे काढून वाजवायला लावू नकोस. सराव सुरू होण्यापूर्वी दहा मिनिटे तिच्याशेजारी उभी राहा आणि दोघींनी ढोल न घेता, टाळी देत तो हात तोंडाने म्हणा. तबला शिकणारी मुले बोलांची पढंत करतात ती उगाच नाही. तोंडाने नीट म्हणता आलेली गोष्ट हाताला सापडायला वेळ लागत नाही.

प्रश्न : महोदया, मी सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षक आहे. शाळेचे बँडपथक माझ्याकडे सोपवण्यात आले आहे. 8 बासऱ्या, 6 साइड ड्रम, 1 बेस ड्रम आणि झांजांची एक जोडी एवढे साहित्य आहे. माझे संगीताचे शिक्षण झालेले नाही. 15 ऑगस्टला राष्ट्रगीत वाजवताना बासऱ्या रेंगाळल्या, ड्रम पुढे गेले आणि शेवट एकत्र झाला नाही. बासऱ्यांचा आणि ड्रमचा असे दोन गटप्रमुख नेमावेत असे वाटते. त्यांची निवड कशी करावी? जो सर्वांत चांगला वाजवतो, त्यालाच नेमावे का?

उत्तर : संगीताचे शिक्षण नसताना आपण हे काम मनापासून करत आहात, याचा मला आनंद वाटतो. आपल्याला संचलन शिकवता येते, ही आपली मोठी जमेची बाजू आहे, कारण पथकाची निम्मी लय पायांत असते. तेज चालीची मिनिटाला सुमारे 120 पावले आपल्या मुलांच्या अंगात आधीच आहेत.

निवडीसाठी एक साधी परीक्षा सांगते. सर्व मुलांना जागेवर पावले टाकत टाळ्या वाजवायला लावा. आपण हात वर केलात की टाळ्या आणि पावले दोन्ही थांबवायची, मनात आठ मात्रा मोजायच्या आणि नवव्या मात्रेला पुन्हा टाळी द्यायची. बहुतेक मुले लवकर येतील, कारण शांततेत घाई होते. दोन-तीन मुले दर वेळी बरोबर जागी येतील. त्यांतून अशी मुले पाहा, जी टाळी देताना शेजाऱ्याकडे नजर टाकतात आणि तो चुकला तर वैतागत नाहीत. आपला प्रमुख त्यांत आहे. तो वादनात पहिला नसेल, तिसरा असेल, तरी चालेल. पहिल्या क्रमांकाच्या मुलाला अवघड जागा वाजवायला द्याव्यात. त्याचा मान त्यात राहतो आणि त्याची आवडही.

राष्ट्रगीताच्या बाबतीत आपल्या हाताशी एक नेमके माप आहे. संपूर्ण राष्ट्रगीताला सुमारे 52 सेकंद लागावेत, असा संकेत आहे. घड्याळ लावून मोजा. मुलांचे 60 सेकंदांच्या पुढे जात असेल, तर ते नेमके कुठे रेंगाळते हे शोधण्यासाठी अर्ध्यावरचा वेळही टिपून ठेवा. माझा अंदाज असा आहे की पहिला अर्धा भाग ठीक निघेल आणि रेंगाळणे उत्तरार्धात सुरू होईल, कारण तोवर बासरी वाजवणाऱ्या मुलांचा दम संपत आलेला असतो आणि प्रत्येक ओळीअखेर सगळे एकदम श्वास घेतात. आठही जणांनी एकाच जागी श्वास घेतला, की तिथे एक भोक पडते आणि ते भरून काढण्यासाठी पुढचा स्वर उशिरा येतो. बासरीप्रमुखाने आपल्या गटाचे चार-चारचे दोन भाग करावेत आणि कोणत्या चौघांनी कुठे श्वास घ्यायचा, ते प्रत्येकाच्या वहीत पेन्सिलीने खूण करून ठरवून द्यावे. सुरुवातीचा श्वास मात्र सर्वांनी एकत्र आणि तालात घ्यावा. प्रमुखाने पहिल्या स्वराच्या आधीच्या एका मात्रेत खांदे व बासरी किंचित उचलून दिसेल असा श्वास घेतला, की "एक, दोन, तीन" असे पुटपुटण्याची गरज उरत नाही.

ड्रमवाल्यांचा दोष वेगळा असतो. आवाज वाढवायचा म्हटले, की त्यांची लयही वाढते. तिथे साइड ड्रमच्या प्रमुखापेक्षा बेस ड्रम वाजवणाऱ्या मुलाकडे लक्ष द्या. सबंध पथकाची चाल त्याच्या हातात असते आणि बहुतेक शाळांत मात्र जो मुलगा ते वजन पेलू शकतो, त्याच्या गळ्यात तो अडकवला जातो.

मी स्वतः इयत्ता दहावीत साइड ड्रमची प्रमुख होते. 26 जानेवारीच्या सकाळी बोटे गारठली होती. पाहुण्यांच्या गाडीकडे पाहत राहिल्यामुळे मी काड्या उशिरा उचलल्या आणि उशीर झाला म्हणून घाईने खाली आणल्या. माझ्या उजवीकडचे तिघे माझ्याबरोबर आले, डावीकडचे तिघे योग्य मात्रेवर आले आणि पहिल्या चार पावलांत पथकाचे दोन तुकडे झाले. आमच्या सरांनी मला एक शब्दही रागावून म्हटला नाही. पुढचे सात दिवस त्यांनी मला गळ्यात ड्रम अडकवून फक्त काड्या उचलायला लावल्या. उचलायच्या, क्षणभर थांबायचे, खाली आणायच्या, पण वाजवायचे नाही. चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आले की मी काड्या उचलल्या की समोरच्या मुलांच्या छातीत श्वास भरतो. मी तोवर तीन वर्षे ड्रम वाजवत होते, परंतु दुसऱ्यांना वाजवायला लावणे म्हणजे काय, ते मला त्या दिवशी दिसले. आपल्या दोन्ही प्रमुखांना हा सराव अवश्य द्या.

पुढच्या 26 जानेवारीसाठी एक सूचना. थंड हवेत बासरी स्वराला उतरते आणि सगळ्यांच्या बासऱ्या सारख्या उतरत नाहीत. ध्वजवंदनापूर्वी रांगेत उभे असताना मुलांनी बासरीच्या छिद्रांवर बोटे ठेवून, आवाज न काढता, आत उबदार श्वास सोडत राहावे. हे कोणी सुरू करायचे आणि कोणाच्या खुणेवर थांबवायचे, ते बासरीप्रमुखाकडे सोपवा.

प्रश्न : मी नाशिकला इयत्ता आठवीत आहे. समूहगानात मी मागच्या ओळीचा, म्हणजे मुलांच्या गटाचा प्रमुख आहे. गेल्या दोन महिन्यांपासून माझा आवाज फुटतो आहे. वरच्या पट्टीत गाताना तो मध्येच चिरकतो आणि मुली हसतात. स्पर्धा जवळ आली आहे. मला सांगण्यात आले, "तू उभा राहा, पण फक्त ओठ हलव." मी प्रमुखपद सोडू का?

उत्तर : सोडू नकोस. ज्यांनी तुला ओठ हलवायला सांगितले, त्यांच्या मनात स्पर्धेची काळजी असेल हे मी समजू शकते, पण हा सल्ला मला मान्य नाही. तू गायला हवेस, फक्त तुझ्या आवाजाला आज जिथे सुखाने बसता येते तिथे गायला हवेस.

तुझ्या गळ्यात जे चालले आहे ते आजारपण नाही. या वयात मुलांचा स्वरयंत्राचा सांगाडा वाढतो, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि आवाज साधारण एका सप्तकाने खाली जातो. वाढ एका दिवसात होत नाही, त्यामुळे मधल्या काळात सवयीने लावलेला जोर आणि नव्या तंतूंची लांबी यांचा मेळ बसत नाही आणि आवाज निसटतो. तुमच्या समूहगानाची पट्टी, म्हणजे हार्मोनियमची जी पट्टी "सा" धरता ती, मुलींच्या सोयीने काळी चार किंवा काळी पाच असणार. त्या पट्टीतील तार सप्तकाकडे तू आत्ता ढकलून जाऊ नकोस. खालच्या सप्तकात जे पाच-सहा स्वर सहज लागतात, तेवढेच मोकळ्या आवाजात गा आणि बाकीच्या जागी थांब. दर पंधरवड्याने हे स्वर हार्मोनियमवर तपासून घे, कारण ते सरकत राहतील. वर्षा-दोन वर्षांनी तुझी स्वतःची पट्टी ठरेल. कदाचित ती काळी एकच्या आसपास असेल, कदाचित आणखी कुठे. तोवर घसा खरवडून ओरडणे आणि त्याच्या उलट सतत कुजबुजत बोलणे, दोन्ही टाळ.

आता प्रमुखपणाचे. समूहगानात मागच्या ओळीचा प्रमुख गाऊन जेवढे काम करतो, त्याहून अधिक न गाता करतो. एक उदाहरण देते. गाण्यात "देश" हा शब्द ओळीच्या शेवटी आला, की 30 मुले शेवटचा "श" आपापल्या सोयीने सोडतात आणि श्रोत्यांना फुग्यातून हवा निघावी तसा एक लांबलचक फुसकारा ऐकू येतो. "श" कोणत्या मात्रेवर मिटायचा हे कोणीतरी बोटाने दाखवले पाहिजे. गाणाऱ्या मुलाचे तिकडे लक्ष जात नाही. तुझे जाईल. तसेच "आ" लांबवताना कोणाचे तोंड पुरेसे उघडलेले नाही, अंतऱ्यावरून धृपदावर येताना कोण अर्धी मात्रा आधी उडी मारतो, श्रुतिपेटीचा सूर मागच्या ओळीपर्यंत पोहोचतो की तबल्याखाली बुडतो, हे सर्व तुझ्या वाट्याचे आहे. गाणे सुरू होण्यापूर्वी तू हलक्या गुणगुण्याने षड्ज, म्हणजे "सा", धर आणि तो ओळीतून एकेकाकडे जाऊ दे. तुला तो खालच्या सप्तकात धरावा लागला, तरी षड्ज तो षड्जच. नंतर सर्वांना दिसेल असा श्वास घे. ओळ त्यावर येईल.

हसणाऱ्या मुलींना एवढेच सांग की आवाज बदलत आहे. त्या वेळी तू स्वतः नजर चुकवली नाहीस, तर बाकीचेही लवकरच त्याकडे लक्ष देईनासे होतात. तुझ्या ओळीतील आणखी दोन-तीन मुलांचे आवाज याच वर्षी फुटणार आहेत, त्यांना तुझ्याकडे पाहून धीर येईल.

प्रश्न : माझी मुलगी ठाण्यातील शाळेच्या ढोल-ताशा पथकात ताशाप्रमुख आहे. सरावाहून आल्यावर तिच्या कानात बराच वेळ "ऊं" असा आवाज येत राहतो. ती म्हणते, कानात बोळे घातले तर प्रमुखाला ऐकू कसे येणार?

उत्तर : कानात आवाज येत राहणे ही इशाऱ्याची खूण आहे, ती अंगावर काढू नये. कामाच्या ठिकाणच्या आवाजाबाबत वापरला जाणारा एक निकष असा आहे, की 85 डेसिबलच्या आवाजात कान 8 तास सुरक्षित राहतो आणि त्यापुढे दर 3 डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. या हिशेबाने 100 डेसिबलला अवघी 15 मिनिटे उरतात, आणि ताशांच्या मधोमध उभ्या असलेल्या मुलीच्या कानावर एवढा आवाज सहज पडतो. कापसाचे बोळे पुरेसे नाहीत, कानात बसणारी फोमची किंवा वादकांसाठी मिळणारी कानबुचे घ्यावीत. ती घातल्यावर ऐकू कमी येईल, पण अधिक स्पष्ट येईल. गोंगाट खाली बसतो आणि काड्यांचा ठोका वेगळा कळू लागतो. पहिले दोन दिवस चमत्कारिक वाटेल. प्रमुखाने ती उघडपणे घातली, तर गटातील बाकीच्यांना वेगळे सांगावे लागत नाही. सरावात दर वीस मिनिटांनी वाद्ये खाली ठेवावीत आणि मधल्या वेळात ओळ तोंडाने म्हणून घ्यावी. कानातील आवाज दुसऱ्या दिवशीही राहिला, तर मात्र कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

याच संदर्भात सर्व पथकप्रमुखांना एक विनंती. रुग्णालये, शाळा-महाविद्यालये आणि न्यायालये यांच्या भोवतीचा किमान 100 मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेला असू शकतो. मिरवणुकीच्या वाटेवर अशी जागा कुठे येते, हे आदल्या दिवशी चालून पाहावे आणि काड्या खाली घेण्याची खूण तिथे पोहोचण्याच्या बरीच आधी द्यावी. ऐन दारात दिलेली खूण शेवटच्या ओळीपर्यंत जाईतो रुग्णालय मागे पडलेले असते.

प्रश्न : आम्ही अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये राहतो. मुलगी हायस्कूलच्या मार्चिंग बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते आणि यंदा ती तिच्या गटाची सेक्शन लीडर झाली आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीतील बँड कॅम्पपासून ती पहाटे जाते, लहान मुलांना चालणे शिकवते, त्यांच्या पाण्याच्या बाटल्यांची सुद्धा काळजी घेते. मला वाटते, ती स्वतः वाजवतेच किती? तिचे वादन मागे पडणार नाही ना?

उत्तर : आपली काळजी आईची आहे, पण ती जे करत आहे तेच ते पद आहे. तिथल्या बँडमध्ये उंचावर उभा राहून हात हलवणारा ड्रम मेजर सर्वांना लय दाखवतो. मात्र नववीतल्या नवख्या मुलाला 5 यार्डांत 8 सारखी पावले कशी टाकायची, म्हणजे प्रत्येक पाऊल साडेबावीस इंचांचे कसे ठेवायचे आणि ते टाकताना क्लॅरिनेट डगमगू कसे द्यायचे नाही, हे शेजारी उभे राहून गटप्रमुखच शिकवतो. वर मी पुण्याच्या विद्यार्थिनीला आवाजाच्या अंतराबद्दल जे लिहिले आहे, ते आपल्या मुलीला रोज भेटत असणार. अमेरिकन फुटबॉलच्या मैदानाची रुंदी सुमारे 49 मीटर असते आणि तेवढे अंतर कापायला आवाजाला सेकंदाचा जवळजवळ सातवा भाग लागतो. म्हणून त्या मुलांना पुढच्या वाद्यांच्या मागे न लागता ड्रम मेजरचे हात पाहायला आणि कान मागच्या ड्रमकडे ठेवायला शिकवतात. पुण्यातला ढोल आणि तिथले क्लॅरिनेट यांची अडचण एकच आहे, हे वाचून तिलाही गंमत वाटेल. तिला हा मजकूर वाचून दाखवा.

वादन मागे पडू नये म्हणून तिने दिवसातला अर्धा तास केवळ स्वतःसाठी राखावा आणि त्या वेळेत बँडची गाणी न घेता लांब स्वर व सप्तके घ्यावीत. गटाला शिकवताना आपण नेहमी सोप्याकडे वाजवतो, त्यामुळे फुंकेची ताकद हळूहळू कमी होते, ती या अर्ध्या तासात टिकते. आणि रात्री जेवताना "आज तू किती वाजवलेस" असे न विचारता, "आज तुझ्या गटात कोण कुठे अडले होते" असे विचारून पाहा. ती नावानिशी, जागेनिशी सांगू लागली, तर तिचे काम नीट चालले आहे.